एकचा भोंगा

दरोडा पडला तर काय करायचं, हे बँकेने मला गोंदियाला बोलावून शिकवलं होतं. एका दिवसाचं प्रशिक्षण, दोन समोसे आणि शेवटी प्रमाणपत्र. शिकवायला निवृत्त पोलीस अधिकारी आले होते. ते म्हणाले, हीरो बनू नका. दरोडेखोर सांगेल ते करा. पैशाचा विमा असतो, तो भरून येतो. माणूस भरून येत नाही. आणि बँकेच्या बंदोबस्ताबद्दल बाहेरच्या माणसाशी चकार शब्द बोलू नका. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे.

यातली एक गोष्ट मी पाळली आणि एक पाळली नाही. उलटं करायला हवं होतं.

मी अल्का रामटेके. २००६ साली मी आमच्या बँकेच्या कोसमटोला शाखेत रोखपाल होते. कोसमटोला केशोरीपासून नऊ किलोमीटरवर, पुढे सगळं जंगल. शाखा म्हणजे गावाच्या टोकाला दोन खोल्या, वर टिनाचं छत. शेजारी ग्रामपंचायतीचं गोदाम, तेही बहुतेक बंद. मागची खिडकी उघडली की थेट धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मोबाईलचा टॉवर तिथे अजून पोचला नव्हता, आणि जो एक फोन होता तो ढग पाहूनच आजारी पडायचा. माणसं आम्ही चार. मॅनेजर हेमराज पटले, मी, शिपाई लोकेश आणि गार्ड पतिराम मडावी.

पतिरामभाऊ पंधरा वर्षं फौजेत काढून आलेले. दुनळी बंदूक घेऊन दाराशी बसायचे, पण दिवसातला निम्मा वेळ ती बंदूक भिंतीला टेकलेली असायची. कुणा म्हातारीचा अंगठा स्लिपवर उमटवून दे, कुणाला पाणी दे, कुणाचं पासबुक वाचून दाखव. पटलेसाहेब ओरडायचे, "मडावी, आप गार्ड हो या समाजसेवक?" पतिरामभाऊ हसायचे आणि बंदूक उचलून दोन मिनिटं ताठ उभे राहायचे. पुढची म्हातारी येईपर्यंत.

आता भोंग्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

माझ्या काउंटरखाली पायाने दाबायची एक पट्टी होती. ती दाबून धरली की छतावरचा भोंगा वाजायचा, पाय काढला की बंद. वरून आदेश होता की रोज एकदा तीस सेकंद वाजवून पाहायचा आणि रजिस्टरात नोंद करायची. मी आले तेव्हा ही चाचणी सकाळी दहाला व्हायची. रजिस्टरात रकाने होते: तारीख, वेळ, सायरनची स्थिती, सही. शेवटचा रकाना होता, मदत किती मिनिटांत पोचली. तिथे मी रोज एक आडवी रेघ मारायची. चाचणीला कोण येणार मदतीला?

मी रुजू झाले त्याच वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धुरपताबाई काउंटरवर आली. मागच्या बांध्यांत पंधरा-वीस बायका रोवायला यायच्या, त्यांची ही पुढारीण. तोंडाने फटकळ आणि हाताला चपळ. म्हणाली, "बाई, थो भोंगा दहाले काऊन वाजवता? एकले वाजवा ना. केशोराव मुकादमाच्या घड्याळात एक वाजतच नाई. आमी दोन-अडीच वरी उपाशी वाकून राहतो अन् थो म्हणते, आत्ता तं साडेबारा झाले."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, ही बँक आहे, शाळा नाही. पण माझी आई कुसुमबाई आमच्या मुर्री गावच्या बांध्यांत आयुष्यभर दुसऱ्याचं धान रोवत आली. तिच्याही मुकादमाच्या घड्याळात एक वाजत नसे. संध्याकाळी घरी येऊन ती पोट दाबून भिंतीशी बसायची, ते मी लहानपणी रोज पाहिलं आहे. मी त्याच दिवशी चाचणीची वेळ बदलली. पटलेसाहेबांनी सही केली, त्यांना काय, दहा काय आणि एक काय. आदेशात असंही लिहिलं होतं की चाचणीची वेळ रोज वेगळी ठेवावी. ती ओळ मी वाचली होती. वाचून पान उलटलं होतं.

तेव्हापासून बरोबर एकला मी भोंगा दाबायची आणि खिडकीतून पाहायची. वाकलेल्या पंधरा कमरा एकदम सरळ व्हायच्या. मुकादम हातातल्या घड्याळाकडे बघायचा, मग भोंग्याकडे, आणि गप्प बसायचा. बायका बांधीपलीकडच्या चिंचेखाली जाऊन शिदोऱ्या सोडायच्या. त्यात पतिरामभाऊंची बायको जमुनाबाईही असायची. मला त्या तीस सेकंदांचा फार अभिमान होता. पगार मी नोटा मोजण्याचा घ्यायची, पण दिवसभरातलं खरं काम तेच वाटायचं.

एकदा फ्यूज उडाला आणि भोंगा वाजला नाही. एक वाजून दहा मिनिटांनी पंधरा बायका गुडघाभर चिखलासकट बँकेच्या पायऱ्यांवर उभ्या. धुरपताबाई पुढे. "काऊन बाई, निजल्या का?" पतिरामभाऊंना हसू आवरेना. पुढे कितीतरी दिवस ते मला म्हणायचे, "बाई, कोसमटोल्यात भोंगा वाजला तं कोनी येत नाई, नाई वाजला तं पूरा गाव येते." आम्ही दोघंही यावर पोट धरून हसलो आहोत.

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्याला, एक माणूस फाटकी नोट बदलायला आला. खताच्या कंपनीचा आहे म्हणाला. हिंदी बोलत होता, पण गोंदियाकडे हिंदी कोण बोलत नाही? मी नोट पाहत असताना एक वाजला आणि मी भोंगा दाबला. तो दचकला. "मैडम, ये क्या हुआ?"

मी हसले. मला माझी हुशारी दाखवायची होती, दुसरं काही नाही. म्हटलं, "कुछ नहीं भैया. खेत में औरतों के खाने का टाइम हुआ. एक दिन न बजे तो सब की सब यहीं चली आती हैं, मेरी खबर लेने."

तोही हसला. "अच्छा है," म्हणाला, नवी नोट खिशात घातली आणि गेला.

आठ दिवसांनी, सोमवारी, साडेबाराच्या पुढे तिघे आले. बारीक पाऊस होता. अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. पावसात असं कुणीही येतं, म्हणून कुणी वर पाहिलं नाही. लोकेश टपाल घेऊन केशोरीला गेला होता. पतिरामभाऊ म्हाताऱ्या सुशीलाबाईचा अंगठा निराधार पेन्शनच्या स्लिपवर टेकवत होते. म्हातारीचा हात थरथरायचा म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. बंदूक भिंतीला. पहिल्याने शटर अर्धं ओढलं, दुसऱ्याने बंदूक उचलली, तिसऱ्याने पटलेसाहेबांच्या कानाला गावठी कट्टा लावला. एवढं व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा सांगायलाही लागत नाही.

त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर मला खांद्याला धरून काउंटरपासून दूर ओढलं. पट्टी कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. पतिरामभाऊंना आणि सुशीलाबाईला भिंतीशी खाली बसवलं. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक साहेबांची, एक माझी. दोन्ही घेतल्या.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा पंचेचाळीस. आणि माझ्या मनात आलं, बस, पंचवीस मिनिटं. एक वाजेल. भोंगा वाजणार नाही. धुरपताबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहील, मुकादमाशी भांडेल, आणि मग पंधरा जणी चिखल तुडवत इकडे येतील, हातात विळे असतील, मागून मुकादम येईल. दाबायला पट्टी नव्हती तरी आमच्याकडे गप्प भोंगा होता. पतिरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे. त्यांच्याही मनात तेच होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

म्हणून मी वेळ काढू लागले. किल्ली उलटी लावली. कुलूप पावसात अडकतं म्हणाले, जे खरंही होतं. आतल्या कप्प्याची किल्ली ड्रॉवरमध्ये आहे म्हणून ड्रॉवर शोधला, मग पर्समध्ये. एकाने माझ्या पाठीत ठोसा मारला. मी पडले, उठले, पुन्हा शोधलं. बारा अठ्ठावन्न. मला देव नाही, मी बुद्धाची मुलगी, पण त्या दोन मिनिटांत मी घड्याळाच्या काट्याला हात जोडायच्या बेतात होते.

एकाला अर्धं मिनिट कमी असताना कट्टेवाल्याने मान वर करून घड्याळ पाहिलं.

"मैडम," तो म्हणाला, "एक बज रहा है. औरतों के खाने का टाइम हो गया."

हेल्मेटच्या आतून आला तरी आवाज ओळखीचा होता. आणि ते वाक्य माझंच होतं.

त्याने मला काउंटरमागे नेलं. "रोज जितना बजता है उतना ही. न कम, न ज्यादा."

खालून पतिरामभाऊ म्हणाले, "बाई, नोका वाजवू."

आवाज चढवून नाही, नेहमीच्याच आवाजात. बंदूक ज्याच्या हातात होती त्याच्या दुसऱ्या हातात सुरा होता. तो वाकला आणि पतिरामभाऊंच्या मांडीत त्याने सुरा घातला, वर, जांघेजवळ. सुशीलाबाई ओरडली. पतिरामभाऊंनी दात आवळले आणि पुन्हा म्हणाले, "नोका वाजवू बाई. येतेत थे."

सुरा त्यांच्या गळ्याशी आला. मला प्रशिक्षणातल्या साहेबांचा आवाज आठवला. हीरो बनू नका. सांगतील ते करा.

मी पट्टी दाबली.

मला तुटक वाजवता आला असता. दोन मिनिटं वाजवता आला असता. मी तीस आकडे मोजले आणि पाय काढला, रोजच्यासारखा. खिडकीतून दिसत होतं. धुरपताबाई सरळ झाली. मग बाकीच्या. हिरव्या लुगड्यातली जमुनाबाई सगळ्यांत शेवटी उठली, हात पाण्यात खळबळले आणि चिंचेकडे निघाली. तिची पाठ आमच्याकडे झाली तेव्हा मला वाटलं, माझ्या हातून आत्ता काहीतरी असं झालं आहे जे परत घेता येणार नाही.

त्यानंतर त्यांना आठ मिनिटं लागली. तिजोरी रिकामी केली, भोंग्याची वायर तोडली, फोनची तोडली, बंदूक घेतली, शटर पूर्ण पाडलं आणि आमचंच कुलूप बाहेरून आम्हाला लावलं. दोन मोटरसायकली गेल्याचा आवाज आला आणि मग टिनावरचा पाऊस तेवढा राहिला.

पतिरामभाऊंच्या मांडीतून रक्त थांबत नव्हतं. सुशीलाबाईने, ज्या म्हातारीला अंगठा नीट टेकवता येत नव्हता तिने, आपल्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला आणि गोळा करून जखमेवर दाबला. मी वरून माझा पदर आवळून बांधला. लाल होत गेला. पटलेसाहेब शटरवर मुठी मारत होते. बाहेर ऐकायला कुणी नव्हतं. रोवणीच्या दिवसांत गावात दुपारी कोण असतं? मी मागच्या खिडकीच्या गजांना धरून ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. बांधी ओलांडून, पावसातून, चिंचेपर्यंत माझा आवाज कसा जाणार? त्या पंधरा जणी पाठमोऱ्या गोल करून बसल्या होत्या.

"कायले ओरडता बाई," पतिरामभाऊ खालून म्हणाले. "जेऊ द्या त्याईले. आता पावणेदोन शिवाय कोनी उठत नाई."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. मरायला टेकलेल्या माणसाने एवढं शांत असू नये. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही बोलू नका." ते म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळाने, "किती वाजले?"

एक वाजून अठरा.

तेव्हा मला धूर सुचला. जुलैत, सगळीकडे पाणी असताना, कुणी काही जाळत नाही. खिडकीतून धूर निघाला तर कुणीतरी मान वळवेल. पटलेसाहेब बिडी ओढायचे, काडेपेटी त्यांच्या खिशात होती. मी जुन्या व्हाउचरांचा गठ्ठा ओढला आणि काडेपेटी मागितली.

साहेब देईनात. "मॅडम, रेकॉर्ड आहे ते. जागेवरच्या कशालाही हात लावायचा नाही, ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही का तुम्हाला? नोकरी जाईल. माझी भी, तुमची भी. पोलीस येईल ना."

"कुठून येईल? कोण सांगणार पोलिसांना?"

"लोकेश येईल दोन बजे."

"दोनपर्यंत हा माणूस राहील का, साहेब? तुमच्या मनाला विचारा."

त्यांनी खिशावर हात घट्ट धरला. मी त्यांच्या अंगावर धावून गेले, बँकेत जन्मात कधी वापरले नाहीत असे शब्द वापरले. त्या भांडणात किती मिनिटं गेली ते मला चौकशीत विचारलं नाही, पण मला माहीत आहे. सात. शेवटी ते खाली बसले, रडायला लागले आणि काडेपेटी माझ्याकडे सरकवली. चांगला माणूस होता. भित्रा होता एवढंच, आणि भ्यायला मी कुठे कमी होते?

व्हाउचर दमट होते. धुमसले, पेटले नाहीत. निघाला तो धूर पावसाने खिडकीशीच दाबला. मग खिळ्यावर टांगलेला पतिरामभाऊंचा रेनकोट दिसला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. प्लास्टिक पेटलं आणि काळा, घाण, दाट धूर गजांतून बाहेर गेला. आम्ही तोंडाला ओलं कापड लावून खोकत बसलो. सुशीलाबाईचा हात जखमेवरून हलला नाही.

चिंचेखाली आधी धुरपताबाई उभी राहिली. तिने हात कपाळाशी नेला. मग सगळ्या धावायला लागल्या.

मुकादमाने सब्बल, म्हणजे पहार, घालून कुलूप तोडलं. हा तोच केशोराव, ज्याच्या घड्याळात एक वाजत नसे. शटर वर गेलं आणि पहिली जमुनाबाई आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि उजव्या हाताच्या बोटांना भात लागलेला. हात धुवायलाही थांबली नव्हती. ती नवऱ्याजवळ बसली. काय झालं, कोणी केलं, काही विचारलं नाही.

पतिरामभाऊंनी डोळे उघडले. "जेवली का?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्यांना टाकलं, वर ताडपत्री धरली. केशोरीच्या अलीकडे एका पुलावर पाणी होतं, तिथे पाच मिनिटं गेली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि घड्याळही पाहिलं. म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर. डॉक्टर हे वाक्य का बोलतात मला कळत नाही. ऐकणाऱ्याने ते घेऊन कुठे जायचं?

चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. उलट लिहिलं गेलं की रोखपालाने प्रशिक्षणानुसार दरोडेखोरांच्या सूचनांचं पालन केलं आणि अधिक जीवितहानी टाळली. चाचणीची वेळ कायम ठेवल्याबद्दल एक ताकीद, जाळलेल्या व्हाउचरांबद्दल साहेबांना एक खुलासा. चोर सापडले नाहीत. मी जबाबात सगळं सांगितलं, खतवाल्याचंही सांगितलं. लिहिणाऱ्याने ते एका ओळीत बसवलं.

पण ती ओळ जमुनाबाईपर्यंत जाणार नव्हती. पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर बसली होती, शेजारी धुरपताबाई. वाटेत मी मनात दहादा घोकलं होतं, आणि तिथे गेल्यावर तुकड्यातुकड्यांतच सांगता आलं. भोंग्याचं गुपित मी त्या माणसाला हसत हसत सांगितलं. भोंगा वाजला नसता तर तुम्ही आला असता. पतिरामभाऊ मला नको म्हणाले, एकदा नाही, दोनदा म्हणाले. सुरा खाऊन म्हणाले. तरी मी वाजवला.

धुरपताबाईने तोंडावर हात ठेवला. जमुनाबाई अंगणाकडे पाहत राहिली. मला वाटलं ती मला मारेल, आणि मारावं असंही वाटलं.

"थ्या दिवशी मी आंबाडीची भाजी नेली होती," ती म्हणाली. "भोंगा वाजला तवा मले लय भूक लागली होती. पोटभर जेवली बाई मी. अजून मांगून घेतली धुरपताबाईजवरून."

ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. धुरपताबाई म्हणाली, "जा बाई तुमी आता." मी निघाले.

दिवाळीनंतर नवा भोंगा बसला. नवा गार्ड आला, त्याने बंदूक मांडीवरून खाली ठेवली नाही आणि कुणा म्हातारीचा अंगठा धरला नाही. तोच आदेश पुन्हा आला की चाचणीची वेळ रोज वेगळी असावी, आधी कुणाला सांगू नये. मी बदली मागितली होती, ती मिळाली नव्हती. कापणी सुरू झाली होती. एकला आता काही वाजत नसे आणि बायका पुन्हा मुकादमाच्या घड्याळावर जेवत होत्या. तो मात्र आता बरोबर एकला सुट्टी देतो, असं कळलं. तेवढं ऐकूनही मला बरं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मी अकरा वाजून वीस मिनिटं ही वेळ चिठ्ठी टाकून काढली. पट्टीवर पाय ठेवला आणि पाय दाबेना. पटलेसाहेब केबिनमधून पाहत होते. मी डोळे मिटले, तीस मोजले आणि पाय काढला.

बऱ्याच वेळाने डोळे उघडले तेव्हा खिडकीत बांधी रिकामी होती. कापलेलं धान आडवं पडलं होतं आणि माणूस एकही नव्हता. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. नवा गार्ड घाबरून उभा राहिला.

जमुनाबाई सगळ्यांत पुढे होती. हातात विळा, पदर सुटलेला, श्वास छातीत मावत नव्हता. मागे धुरपताबाई, मागे सगळ्या, आणि त्यांच्या मागे सब्बल घेऊन केशोराव. जमुनाबाईने आधी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, जिथे पतिरामभाऊ बसायचे. तिथे दुसराच माणूस उभा होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"टेस्ट होती," मी म्हटलं. "जमुनाबाई, नुसती टेस्ट होती. रोज वेगळ्या वेळी करावी लागते आता. तुम्ही धावू नका. मजुरी कापली जाईल तुमची."

तिने विळ्याच्या हाताने घाम पुसला. माझ्यावरचा तिचा राग गेला नव्हता, तो तिच्या डोळ्यांत तसाच होता आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

"तुमी वाजवत जा," ती म्हणाली. "आमी येत जाऊ."

आणि ती वळून पायऱ्या उतरली. तिच्या मागून सगळ्या गेल्या.

मी रजिस्टर उघडलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली, सायरन ठीक असं लिहिलं, सही केली. शेवटच्या रकान्यात रेघ मारायला पेन टेकवलं आणि थांबले. मग घड्याळ पाहिलं आणि तिथे लिहिलं: चार मिनिटं.